चिमणीची मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत चकलीचा पहिला घाणा तेलात पडला आणि दहा मिनिटांत हॉलपर्यंत धूर. चिमणी चालू होती, नेहमीपेक्षा जास्तच घरघरत होती. मेकॅनिकने खालून टॉर्च मारला आणि निदान केलं, "वहिनी, मोटर गेली. साडेतीन हजार."

मोटर ठणठणीत होती. सोसायटीच्या रंगकामात रंगाऱ्याने चिमणीच्या बाहेरच्या झाकणावरूनही ब्रश फिरवला होता आणि त्याच्या पट्ट्या वाळलेल्या रंगाने एकमेकींना चिकटल्या होत्या. आमचं झाकण ड्राय बाल्कनीत उघडतं, म्हणून सुरीच्या टोकाने सोडवता आल्या. तुमचं बाहेरच्या भिंतीवर असेल तर खिडकीतून लोंबकळू नका, माणूस बोलवा. तिथे रंग नाही तर कबुतराच्या काड्या सापडतील.

म्हणजे पहिली चूक, ओढ कमी झाली की मोटरवर संशय. आधी वर्तमानपत्राचं एक पान हाय स्पीडवर फिल्टरखाली धरा. चिकटून राहिलं तर ओढ ठीक आहे. पडलं तर फिल्टर काढून फरक पडतो का बघा. तरीही नाही? प्लग काढा, चिमणीच्या डोक्यावरचा पाइप सोडवा, मग पुन्हा चालू करून चिमणीच्या तोंडावर हात धरा. हवा जोरात आली तर दोष पुढे, पाइपात किंवा झाकणात. इथेही मंद असेल तरच मोटरकडे वळा.

पाइपाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात असं माझं मत आहे. बिल्डरने भिंतीत ४ इंची भोक ठेवलेलं असतं, चिमणीचं तोंड ६ इंची. बसवणारा मधे रिड्यूसर, म्हणजे मोठं तोंड लहान भोकाला जोडणारा तुकडा, लावून मोकळा होतो. पण ४ इंची पाइपातली जागा ६ इंचीच्या निम्म्याहूनही कमी, तेव्हा ताशी १२०० घनमीटर हवा ओढणारी चिमणी घेऊन उपयोग काय? भोक मोठं करून घ्या. ॲल्युमिनियमचा घड्यांचा पाइप पूर्ण ताणून, कमीत कमी वळणं देऊन बसवायला सांगा. तो मधेच लोंबला की त्या झोळात तेल साठतं.

दुसरी चूक कॉस्टिक सोड्याची. ॲल्युमिनियमची जाळी त्यात टाकलीत तर फेस येऊन काळी पडते आणि हळूहळू खाल्ली जाते. कडकडीत पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवून लावा. तळण जास्त असेल तर पंधरा दिवसांनी. पाइप न लावलेल्या चिमणीतला कोळशाचा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

ऑटो क्लीनवर विसंबून राहणं हीही चूकच. ते आतल्या पंख्यावरचं तेल गरम करून खालच्या वाटीत उतरवतं. जाळी आणि पाइप तुम्हालाच बघायचे आहेत. वाटी रिकामी करणंही! पंखा कधी बाहेर काढून धुतलात तर एखाद्या पात्याला चिमुकली पत्र्याची क्लिप दिसेल. ती कचरा म्हणून उपटू नका. पंख्याचा तोल सांभाळायला ती लावलेली असते, ती गेली की चिमणी थरथरायला लागते.

मोटर नुसतीच 'हूंऽऽ' करत असेल, फिरत नसेल, तर बहुतेकदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. जुना कपॅसिटर हातात घेऊनच विजेच्या सामानाच्या बाजारात, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, जा. त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, त्यामुळे तो काढायचं काम इलेक्ट्रिशियनवर सोडा.

आणि हो, सगळ्या खिडक्या बंद करून चिमणी हवा ओढणार कुठून? लांबची एखादी फटीएवढी उघडा. गॅसजवळची नको, आणि छताचा पंखाही नको, तो धूर भलतीकडे ढकलतो.

यंदा गळतीच्या कामासाठी सोसायटीला पुन्हा परांची लागली, तेव्हा मी झाकणाला आधीच प्लास्टिकची पिशवी बांधली आणि काम संपताच काढली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही बांधली होती. ती आठवडाभर तशीच राहिली आणि तोच मेकॅनिक त्यांनाही मोटर बदला म्हणून सांगून गेला.