मी-सनची शिवमंदिरं बघायचीयत, मग मुक्काम कुठे टाकायचा?

व्हिएतनामला जाणारे आपले बरेच लोक हल्ली मी-सनला पण जातात, आणि जायलाच पाहिजे. चंपा या मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या राज्याच्या राजांनी ४थ्या ते १३व्या शतकात बांधलेली शंकराची विटांची देवळं आहेत ती, आणि २०२० मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याच्या टीमला तिथे काम करताना ९व्या शतकातलं अख्ख्या दगडातलं शिवलिंग सापडलं होतं. पण आपल्याकडे कसं देवळाबाहेर पडलं की लॉज आणि भक्तनिवास, तसं तिथे काही नाही. देवळं डोंगरांमधल्या खोऱ्यात आहेत, गेटजवळ हॉटेलांची रांग वगैरे विसरा.

तर पहिलं ठरवा की देवळात किती वाजता पोचायचंय. गेट सकाळी सहाला उघडतं आणि माझ्या मते तीच वेळ, कारण नऊनंतर डा नांग शहरातून बसेस यायला लागतात आणि ऊन तर असं चढतं की त्या खोऱ्यात वारासुद्धा लागत नाही. गेटपासून मंदिरांपर्यंत इलेक्ट्रिक गाडी नेते पण पुढे पायीच फिरायचंय.

सगळ्यात बरं म्हणजे होई आन. मी-सनपासून साधारण ४० किमी, गाडीने तासभर. संध्याकाळी कंदिलांचं जुनं गाव बघायला मिळतं ते वेगळंच. फक्त जुन्या गावाच्या अगदी आत रूम घेऊ नका, तिथले रस्ते दिवसातला बराच वेळ गाड्यांना बंद असतात, म्हणजे बॅगा ओढत चालत जायचं. त्यापेक्षा काम चाऊच्या भातखाचरांकडे किंवा आन बांग बीचकडे होमस्टे बघा, बरेच जण सायकल फुकट देतात आणि जुनं गाव सायकलच्या टप्प्यात आहे.

डा नांग साधारण ७० किमी पडतं. एअरपोर्ट आणि रेल्वे स्टेशन तिथेच आहे (होई आनला दोन्ही नाही), त्यामुळे एकच रात्र असेल किंवा सकाळची फ्लाइट असेल तर ठीक, शिवाय चंपाच्या शिल्पांचं चाम म्युझियम तिथे आहे, मी-सनच्या मूर्ती बघायच्या तर ते चुकवू नका. पण पहाटेचं दर्शन धरायचं तर डा नांगवरून साडेचारलाच निघावं लागेल, लहान मुलं असतील तर कशाला उगाच.

देवळाच्या जवळच राहायचा हट्टच असेल तर मॅपवर झुई फू (Duy Phu) हे गाव उघडा आणि तिथले होमस्टे बघा. मोजकेच आहेत, साधे आहेत, रात्री करायला काही नाही. फोटोवाल्यांसाठी बेस्ट, आईबाबांना घेऊन जाणार असाल तर नको.

आता बुकिंग. अ‍ॅपवर पत्ता वाचून फसू नका, जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत डा नांगमध्ये विलीन झालाय, म्हणजे होई आन आणि मी-सन दोन्ही कागदावर डा नांगच. त्यामुळे नुसतं नाव न बघता मॅपवरचा पिन बघायचा आणि तिथून रस्त्याने किती वेळ लागतो ते स्वतः टाकून बघायचं, अ‍ॅपमधलं अंतर बऱ्याचदा सरळ रेषेतलं असतं.

मग रूमचं वर्णन नीट वाचा. स्वस्त रूम्सना कधीकधी खिडकीच नसते आणि ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लिफ्ट आहे का हे पण विचारा, तिकडच्या अरुंद, उंच घरांमध्ये तिसऱ्या मजल्यावर जिना चढताना आजीआजोबांची वाट लागते. आणि बुक करण्याआधी एक मेसेज टाका: पहाटे पाचला निघणार आहोत, नाश्ता पार्सल द्याल का? आणि व्हेज असाल तर फिश सॉस नको हे त्याच मेसेजमध्ये लिहा, नुसतं व्हेज म्हटलं की भाजीत तो पडू शकतो. चेक-इनला पासपोर्ट मागतात तो नोंदणीसाठी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण नोंद झाली की लगेच परत मागून घ्या.

गाडीचं म्हणाल तर होमस्टेवाल्यालाच जाऊन-येऊन गाडी ठरवायला सांगा, थांबण्याचा वेळ धरून. ग्रॅबने (तिथलं ओला-उबरसारखं टॅक्सी अ‍ॅप) जाल हो, पण परत यायला त्या खोऱ्यात गाडी मिळेलच असं नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर नदीकाठची रूम टाळा, थू बोन नदीचं पाणी होई आनच्या रस्त्यांवर येतं, तेव्हा फ्री कॅन्सलेशनवालंच बुकिंग करा. आणि तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आठवड्यात (जानेवारी शेवट ते फेब्रुवारी) रेट चढतात आणि बरीच दुकानं बंद असतात, जमलं तर मार्च-एप्रिल धरा.