हायब्रिड पिकअपचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं

बाबा सांगलीहून फोन करतात तेव्हा तब्येत झाली, पाऊस झाला की तिसरा प्रश्न ठरलेला, "गाडी ॲव्हरेज किती देते?" पिकअप घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी ऐटीत ४५ (मैल पर गॅलन) सांगितलं, जानेवारीत विचारलं तर तोंडातून २७ निघालं, आणि ते म्हणाले अरे मग गाडी बिघडलीय, दाखवून घे कुठेतरी. बिघडलं काहीच नव्हतं. दोन्ही आकडे एकेका फेरीचे होते, स्क्रीनवर दिसले तसे सांगितलेले, आणि हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, एका फेरीच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो हे मला तेव्हा कळत नव्हतं.

माझी फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड आहे, २०२२ चं मॉडेल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. काचेवरच्या स्टिकरवर सिटी ४२, हायवे ३३, कंबाइंड ३७ मैल पर गॅलन, म्हणजे एमपीजी. भारतातल्या लोकांसाठी सोपा हिशोब, एमपीजीला ०.४२५ ने गुणा की किलोमीटर पर लिटर, म्हणजे ३७ चे साधारण पावणेसोळा. मी राहतो मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ, आणि गंमत म्हणजे ज्या ईपीएच्या (अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था) लॅबशी हे स्टिकरचे आकडे जोडलेले असतात ती लॅब इथेच आहे. तर पद्धत सांगतो, पण आधी स्क्रीनवरच्या आकड्याचं बघू कारण सगळे तिथेच अडकतात.

स्क्रीनवरचा आकडा टाकीत किती गॅस (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) कमी झाला ते मोजून येत नाही. इंजेक्टरने किती इंधन सोडलं याचा कॉम्प्युटर अंदाज लावतो आणि त्यावरून भागाकार करतो. कुठल्याही कंपनीची गाडी घ्या, हा अंदाज थोडा इकडेतिकडे असतोच. त्यावर हायब्रिडची बॅटरी. मॅव्हरिकची बॅटरी १.१ किलोवॅट-अवरची आहे म्हणजे चिमुकली, एक गॅलन गॅसमध्ये ३३.७ किलोवॅट-अवर एनर्जी असते त्यापुढे काहीच नाही. पण समजा घरातून निघताना बॅटरी भरलेली होती आणि देसी ग्रोसरीपर्यंत पोचेस्तोवर त्यातली निम्मी संपली, तर इंजिन बिचारं गॅसमधल्या एनर्जीचा साधारण तिसरा हिस्साच कामाला लावू शकतं असं धरलं तर ती निम्मी बॅटरी म्हणजे अंदाजे ०.०५ गॅलन, म्हणजे जवळजवळ दोन मैल. फेरीच तीन मैलांची असेल तर दोन मैल फुकट दिसले ना! स्क्रीनवर ८० दिसतं, आपण फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. परतताना तीच बॅटरी इंजिन भरून काढतं तेव्हाचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. चारशे मैलांच्या टाकीत हे दोन मैल विरघळून जातात, म्हणून मोजायचं ते टाकीवर, फेरीवर नाही.

आता मोजणी. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा टक् करून थांबलं की तिथेच हात काढायचा. आपल्याला गावाकडच्या पंपावर "साहेब झिरो बघा" आणि मग "राऊंड फिगर करू का" ची सवय, इथे हाताने भरताना पण आपण तेच करतो, ३८ डॉलर ७० सेंट झाले की ३९ करायला अजून दोनदा दाबतो. करू नका. एकतर प्रत्येक वेळी टाकी वेगळ्या पातळीपर्यंत भरते आणि हिशोब बोंबलतो, दुसरं म्हणजे जास्तीचा गॅस वाफ पकडणाऱ्या कोळशाच्या डब्यात गेला तर तो डबा बदलायचा खर्च वेगळा. पहिला टक् झाला की ट्रिप मीटर शून्य करायचा, आणि ओडोमीटरचा आकडा, तारीख फोनमध्ये लिहून ठेवायची. मग टाकी पाव उरेपर्यंत नेहमीसारखी चालवायची, मुद्दाम हळू वगैरे काही नाही. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, गाडी त्याच दिशेला तोंड करून उभी करून, नोझलची खिटी त्याच खाचेत अडकवून पहिल्या टक् पर्यंत भरायची. मैल भागिले आत्ता भरलेले गॅलन. समजा ४१२.६ मैल आणि ११.३४ गॅलन, तर ३६.४. झालं.

त्याच नोझलचा एवढा हट्ट कशाला, तर एक पंप लवकर टक् करतो, एक उशिरा, आणि जमीन जरा कलती असली तरी टाकीत हवा अडकून फरक पडतो. ०.३ गॅलन इकडचं तिकडे होणं अगदी सहज. ११ गॅलन भरले तर तो पावणेतीन टक्क्यांचा फरक, म्हणजे ३६ चे ३५. पण घाईत तीनच गॅलन भरून हिशोब केला तर तोच फरक दहा टक्क्यांचा, मग ३२ पण येईल आणि ४० पण. पंपाच्या मीटरची चिंता मात्र करू नका, इथल्या नियमाने पाच गॅलनमागे सहा क्युबिक इंच एवढीच सूट असते म्हणजे साधारण अर्धा टक्का, तुमच्या हाताची चूक त्यापेक्षा कितीतरी मोठी. आणि ते सकाळी सकाळी भरलं की जास्त येतं हे पण सोडून द्या, टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही.

यात चांगली गोष्ट अशी की ही चूक साठत जात नाही. या वेळी ०.३ कमी भरलं तर पुढच्या वेळी ते जास्त भरलं जातं. म्हणून एका टाकीच्या आकड्याकडे बघून हसू-रडू नका, दहा टाक्यांचे एकूण मैल भागिले एकूण गॅलन करा, तिथे तेच ०.३ शंभर-एकशेदहा गॅलनमध्ये कुठे दिसतपण नाही. आणि टाक्यांच्या एमपीजीची सरासरी काढू नका हां, ही चूक एक्सेल येणारे लोकपण करतात. एक टाकी ४४० मैल ११ गॅलन म्हणजे ४०, दुसरी १५० मैल ६ गॅलन म्हणजे २५, सरासरी काढली तर ३२.५ येते, पण खरं उत्तर ५९० भागिले १७ म्हणजे ३४.७.

मधे कोणी अर्धी टाकी भरली तर ती नोंद पण लागते, दोन फुल टाक्यांच्या मधलं सगळं मिळून एक धरायचं. आमच्याकडे बायकोने एकदा पाच गॅलन टाकले आणि सांगितलं नाही, मला ६० च्या वर ॲव्हरेज आलं आणि मी दोन दिवस हवेत होतो. आता पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकायची असा घरचा नियम आहे.

ओडोमीटर पण एकदा तपासून घ्या. इंटरस्टेटवर मैलाचे हिरवे बोर्ड असतात, एका बोर्डापाशी शेजारच्याला ट्रिप शून्य करायला सांगा आणि पन्नास मैलांनी बघा. ५०.८ दिसलं तर तुमची गाडी मैल दीड टक्का वाढवून सांगतेय, प्रत्येक वेळी ०.९८४ ने गुणायचं. ज्यांनी मोठे ऑल-टेरेन टायर टाकलेत त्यांचं उलटं, चाक मोठं असल्याने खरे मैल जास्त होतात पण ओडोमीटर कमी मोजतो, आणि मग "टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पार पडलं" अशी ओरड. पडतं हो थोडं, ते टायर जडच लागतात, पण तेवढं नाही जेवढं कागदावर दिसतं.

आता सगळ्यात जास्त वाद जिथे होतात ते म्हणजे हायवे आणि थंडी. साध्या गाडीला हायवेवर जास्त मिळतं, हायब्रिडला सिटीत, कारण सिग्नलला इंजिन बंद आणि ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत परत. हायवेवर ब्रेकच नाही तर परत काय येणार. त्यात पिकअप म्हणजे हवेपुढे उभी भिंत, हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ६० चे ७५ केले की दीडपटीच्या वर. ईपीएच्या मूळ हायवे टेस्टचा सरासरी स्पीड ४८ च्या आसपास असतो आणि कमाल ६०, २००८ पासून जास्त स्पीडची, एसीची आणि थंडीची टेस्ट पण हिशोबात धरतात म्हणून स्टिकरचा आकडा आधीपेक्षा बराच खरा वाटतो, तरी आपण मिशिगनमध्ये ७० ची लिमिट असताना ७८ ने जाणार आणि ३३ मिळत नाही म्हणून कुरकुरणार. हायवेचं वेगळं मोजायचं असेल तर जाऊन-येऊन मोजा, म्हणजे वारा आणि चढ-उतार बऱ्यापैकी कटतात. मी आय-९४ वरून कलामाझूला जाऊन आलो, दोन्हीकडून मिळून साधारण दोनशे मैल, क्रूझ ६८ ला लावून, त्याच पंपावर सुरू आणि त्याच पंपावर शेवट. पन्नास मैलांत हे करू नका, दीड गॅलन पण लागत नाही, मग नोझलचीच चूक मोजली जाते.

थंडीचं तर विचारूच नका. ईपीएचेच आकडे आहेत, ७७ फॅरेनहाइटच्या तुलनेत २० ला, म्हणजे उणे सातला, साध्या गाडीचं सिटीतलं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी पडतं आणि हायब्रिडचं ३० ते ३४ टक्क्यांनी. का, तर हायब्रिडची सगळी कमाई इंजिन बंद ठेवण्यात आहे, आणि आपल्याला आत हीटर पाहिजे तर इंजिन चालू ठेवूनच पाणी गरम करावं लागतं. शिवाय गार बॅटरी चार्ज नीट घेत नाही, ऑइल घट्ट, टायरची हवा दर दहा डिग्री फॅरेनहाइटला एक पीएसआयने उतरते, आणि हिवाळ्याचा गॅस वेगळ्या मिश्रणाचा, त्यात एनर्जी जरा कमी. त्यात रिमोट स्टार्ट करून ड्राइव्हवेमध्ये पंधरा मिनिटं गाडी तापवली तर तेवढा वेळ मैल शून्य आणि गॅस चालू. (सीट आणि स्टीअरिंगचा हीटर असेल तर तो लावा आणि केबिनचा जरा कमी ठेवा, फरक पडतो, पण माझी आई इथे आली की हा प्रयोग बंद.) म्हणून वहीत प्रत्येक टाकीपुढे तापमान लिहा, नुसतं "कडाक्याचं", "बरं", "एसी फुल" लिहिलं तरी चालेल, आणि हायवे किती टक्के होता ते अंदाजाने. वर्षाचा एक आकडा सांगायला ठीक आहे, पण गाडीबद्दल काही कळतं ते फेब्रुवारीची फेब्रुवारीशी तुलना केल्यावर.

सामान आणि ट्रेलरची टाकी वेगळी काढा. मे महिन्यात मल्चच्या (झाडांच्या बुंध्याशी पसरायचा लाकडाचा चुरा) गोण्या, सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीचं सामान, शहरातल्या शहरात हळू नेलं तर वजनाचं फार वाटत नाही, १०० पौंडांना एखादा टक्का. ट्रेलर किंवा केबिनच्या वर डोकावणारं काहीही हायवेवर नेलं की मात्र आकडा धाडकन खाली येतो. आणि एफ-१५० पॉवरबूस्टवाल्यांना, म्हणजे फोर्डचाच मोठा हायब्रिड ट्रक असलेल्यांना, एक वेगळीच भानगड, त्या ट्रकमधून घराला वीज देता येते, वरच्या ऑप्शनमध्ये ७.२ किलोवॅट. २०२३ च्या फेब्रुवारीत इथे बर्फाच्या वादळाने वीज गेली तेव्हा मित्राने त्यावर फर्नेस आणि फ्रिज चालवला, आणि पुढच्या फिल-अपला मला विचारतो ॲव्हरेज १५ कसं काय आलं. अरे घर चालवलंस ना त्यावर! अशी टाकी हिशोबातून सरळ बाद करायची.

त्याच मित्राचं नेहमीचं रडगाणं की हायब्रिडचे जास्त पैसे दिले आणि जेमतेम चार एमपीजी वाढले. त्याला मी १०० मैलांना किती गॅलन ते काढून दाखवलं. २० चे २४ झाले तर १०० मैलांना ०.८३ गॅलन वाचतो, माझ्या छोट्या ट्रकचे ३७ चे ४१ झाले तर फक्त ०.२६. मोठ्या ट्रकचे चार माझ्या चारापेक्षा तिपटीने किमती आहेत. हे ऐकून तो जरा गप्प बसला.

ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर पाठवणारं छोटं यंत्र, लावून फोनवर मोजायचं का असं बरेच जण विचारतात. लावा हौस असेल तर, पण तोही गाडीच्याच सेन्सरचे आकडे वाचतो, बरीच ॲप्स तर इंजिनात किती हवा गेली त्यावरून इंधन ताडतात, त्यामुळे टाकीच्या हिशोबापेक्षा खरं काही निघत नाही. एखाद्या फेरीत इंजिन किती वेळ बंद होतं हे बघायला मजा येते एवढंच.

वहीचा खरा उपयोग मला झाला तो गेल्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या नोव्हेंबरपेक्षा तीन टाक्या सलग आठ-नऊ टक्के खाली, थंडी तेवढीच, रस्ता तोच. आधी टायर बघितले, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३५ आणि चारही २९ वर, दिवा लागला नव्हता कारण तो साधारण पाव हवा गेल्यावरच लागतो. पण एक पीएसआयला ०.२ टक्के धरलं तरी सहाचे सव्वा टक्काच होतात, मग बाकीचं कुठे गेलं? एअर फिल्टर बघितला, ठीक. चाकं हात लावून बघितली, कुठलं गरम नाही म्हणजे ब्रेक चिकटलेला नाही. शेवटी बायकोने खिडकीतून हाक मारून विचारलं की मंडळाच्या मखराची ती लोखंडी फ्रेम ट्रकच्या मागच्या हौद्यात अजून किती दिवस उभी ठेवणार आहेस.