मॅगझिन नंबर दोन

25 मीटर पिस्तुलाच्या मॅचमध्ये रॅपिडची, म्हणजे झटपट नेमबाजीची, दुसरी सिरीज होती, पाच गोळ्यांची. हिरवा दिवा 3 सेकंद, लाल 7 सेकंद, प्रत्येक हिरव्याला एकच गोळी. दोन छान गेल्या. तिसऱ्याला ट्रिगर दाबला तर काहीच नाही. गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी तिरकं अडकलेलं. सरावाच्या सवयीने मी बोल्ट (गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) मागे ओढला, गोळी खाली पडली आणि तिथेच सगळं संपलं. उरलेले तिन्ही शॉट शून्य!

25 मीटर पिस्तुलात नवीन आलेल्यांना हे आधी सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पिस्तूल अडकलं तर नळी टार्गेटकडेच ठेवायची, रिकामा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. त्यांनी तपासण्याआधी बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावला, तर दोष पिस्तुलाचा असला तरी भरपाई, म्हणजे राहिलेले शॉट मारायची संधी, मिळत नाही. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसवायची गोळ्यांची डबी, नीट बसवलं नव्हतं असं निघालं तरी तेच. आमच्याकडे घरोघरी आता रायफल माहीत आहे, 2024ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेचं कांस्य आलं ना! पण 50 मीटर रायफलला प्रत्येक गोळी हाताने भरतात. मॅगझिनची कटकट आपल्या वाट्याला.

त्या मॅचनंतर कोचने एकच काम दिलं: मॅगझिनांवर मार्करने 1, 2, 3 लिही आणि अडकलं की वहीत नंबर टाक. पंधरा दिवसांत कळलं, पिस्तूल बरं आहे, दोन नंबर आजारी आहे. मी तोवर गोळ्यांच्या ब्रँडला शिव्या घालत होते.

मग घरी बसले. जिवंत गोळी टेबलावर नाही, ती दुसऱ्या खोलीत कुलपात. भरून बघायला प्लास्टिकच्या डमी. मॅगझिनचं बूड सरकवताना अंगठा दाबून ठेवा, माझी स्प्रिंग पहिल्यांदा थेट फ्रिजखाली गेली होती. आपल्या पिस्तुलाची गोळी .22 मापाची, तिच्या शिशाला मेणचट थर असतो. तो आणि न जळलेली पावडर मिळून आत काळी राड होते, स्प्रिंगवरची पट्टी अडखळते, गोळी वेळेवर वर येत नाही. जुन्या टूथब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. तेल अजिबात नको. मी आधी हौसेने घातलं होतं, आठवड्यात दुप्पट घाण.

गोळ्या भरण्याची पद्धतही बघा. .22च्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या गोळीची कडा खालचीच्या पुढे हवी. मागे गेली, तर बोल्ट वरची ढकलतो आणि ती खालचीच्या कडेत अडकून बसते. घाईत भरताना हे हमखास होतं. पाच भरून झाल्या की मॅगझिन बाजूने उजेडात धरा, काडतुसं पायरीपायरीने पुढे गेलेली दिसली पाहिजेत.

एवढं करूनही दोन नंबर सुधारलं नाही. तीन नंबरशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा वरचा एक ओठ (गोळी धरून ठेवणारी तोंडाची कडा) केसभर बाहेर वळलेला दिसला. कधीतरी रेंजच्या फरशीवर पडलं असणार. मी पक्कड घेतली. घ्यायला नको होती. आधी पाचातली एक अडकायची, नंतर तीन अडकायला लागल्या. ओठ वाकला की मॅगझिन बदला. घासणं आणि नीट भरणं एवढंच आपल्या हातचं, बाकी आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं.

दोन नंबरला आता लाल टेप आहे. घरी डमी भरायच्या सरावाला तेच वापरते, मॅचच्या बॅगेत जाऊ देत नाही.