गटात मत कसं घ्यावं, म्हणजे कामाचं उत्तर वर येईल

२०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. आमच्या औशाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला उपाय एका वजनदार माणसानं टाकला: रानात मीठ फेका. घटकाभरात त्यावर अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळी एका ताईंनी लिहिलं, गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाच्या कडेनं टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करा. त्यांना दोन अंगठे मिळाले. मिठानं जमिनीचंच नुकसान होतं, पण अंगठे पाहून लोक मीठ आणायला निघाले होते. तेव्हापासून मी मत असं घेतो.

आधी उत्तरं, मग मतं. प्रश्न आला की एक दिवस अंगठा बंद. उत्तरं अ‍ॅडमिनकडं खासगीत मागवा आणि एकदमच गटावर टाका. पहिल्या मताचा भार फार असतो. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकांनी लिहिलेल्या एक लाखावर प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत दिलं, तर त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोटं प्रतिकूल मत मात्र बाकीच्यांनी भरून काढलं. म्हणजे जास्त जपायचं ते वाहवापासून.

नावं झाका. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते दिसतं. गटात सरपंच असतात, चुलते असतात, ज्याच्याकडं खताची उधारी आहे तो दुकानदारही असतो. त्याच्या औषधाविरुद्ध कोण मत देईल? टेलिग्रामवर निनावी पोल घेता येतो, तो वापरा.

प्रश्न नीट विचारा, सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. ‘पटलं का?’ विचारलं की माणूस बघून मत पडतं. त्याऐवजी तीन पर्याय ठेवा: ‘केलं, गुण आला’; ‘केलं, गुण आला नाही’; ‘केलंच नाही’. तिसरा पर्याय नसला तर नुसतं वाचणारेही पहिल्यावर बोट ठेवतात. ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यानं एक ओळ अ‍ॅडमिनला कळवावी: रान काळं भारी की मुरमाड, पाऊस कधी झाला. स्टॅक ओव्हरफ्लो या संगणकवाल्यांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण जातो, म्हणजे कुणी उगाच उणे मत देत नाही. आपल्याकडं तेवढी एक ओळ पुरे.

मोजताना नुसती बेरीज करू नका. समजा एक उपाय ६० जणांनी केला, ३० जणांना गुण आला. दुसरा उपाय १० जणांनी केला, ९ जणांना आला. दुसरा वर ठेवा. पण दोघांनीच केला आणि दोघांनाही गुण आला, तर थांबा. इतक्या थोड्या मतांवर भरवसा किती ठेवावा याचं गणित विल्सन या अमेरिकी गणितज्ञानं १९२७ साली मांडलं, आणि रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळानं २००९पासून प्रतिक्रियांचा क्रम लावायला ते घेतलं.

औषधाचं प्रमाण कधीच मताला टाकू नका. ते परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्या.

निवडलेलं उत्तर गटात वर पिन करा, सोबत तारीख आणि किती जणांनी करून पाहिलं तो आकडा. पुढच्या मृगाला ते पिनवरून काढा आणि पुन्हा विचारा.