मिस्फातला लहान मुलांना नेताना

मस्कतहून मिस्फात अल अब्रियीन या ओमानमधल्या डोंगरातल्या जुन्या गावाला गेलात की बाबागाडी पहिल्याच दगडी पायऱ्यांवर अडते. ती घरीच ठेवा, बाळासाठी अंगाला बांधायची झोळी घ्या.

१. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सगळं सुनसान असतं, म्हणून शनिवार बरा. सकाळी ७ ला निघा. अडीचेक तास लागतात.
२. गाडी गावाबाहेरच लावा, आतले बोळ माणसांपुरतेच आहेत.
३. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. चपला नकोत, रबरी तळाचे बूट हवेत: फलजची, म्हणजे पाटाची, ओली कड शेवाळाने निसरडी होते आणि पोरं नेमकी तिथूनच धावतात.
४. अर्ध्या-एक रियालच्या सुट्या नोटा ठेवा.

फलजमध्ये खरकटे डबे धुऊ नका. तेच पाणी पुढे खजुराच्या बागांना जातं.