थंडीचं जळण पावसाळ्याआधीच भरा, आणि या चुका टाळा

कोकणात घरोघरी गॅस आला, तरी न्हाणीची चूल अजून पेटते. आंघोळीचं पाणी, सकाळची पेज, कार्याचा मोठा टोप, या सगळ्याला लाकूड लागतंच. आणि थंडीतलं जळण दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्याच्या वाट्याला चार महिने भिजलेले ओंडके येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो, तो सप्टेंबरअखेरपर्यंत पाठ सोडत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे जे लाकूड भडकायला हवं, ते मार्चमध्ये फोडून उन्हात पडलेलं असायला हवं. चुलीतल्या धुराने डोळे चोळणारी माणसं बघितली की वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष लाकडाच्या जातीचा नसतो, ते ठेवण्याच्या पद्धतीचा असतो.

ओंडके न फोडता रचून ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. नीट जळायला ते 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं. साल हे झाडाचं पाणी राखणारं कवच आहे. ओंडका सालीसकट ठेवला तर पाणी फक्त दोन टोकांतून निघतं आणि गाभा वर्षभर ओला राहतो. फोडल्यावर आतली बाजू उघडी पडते आणि तिथून ओल झपाट्याने जाते. मनगटाएवढ्या जाडीचे फाटे चैत्र-वैशाखाच्या उन्हात छान वाळतात. ऐन, किंजळ, खैर अशी घट्ट लाकडं जास्त बारीक फोडा. सावर, पांगारा लवकर वाळतात, पण तितक्याच लवकर जळून संपतात. ते पेटवणाला ठेवा, भिस्त त्यांच्यावर नको.

लाकूड वाळलं का, हे डोळ्यांनी आणि कानांनी कळतं. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडतात, साल सुटायला लागते, दोन फाटे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड ‘भद्द’ वाजतं आणि चुलीत त्याच्या टोकाला फेस येतो. खात्रीच करायची तर एक फाटा खुणेचा ठेवा आणि आठवड्याने आठवड्याने वजन करा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत ते जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

ओल्या लाकडाचं नुकसान फक्त पाणी उकळण्यात जाणाऱ्या उष्णतेचं नाही. जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे जळणाचा काही भाग चुलीवरून सरळ घरातल्यांच्या छातीत जातो.

ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळणं

पाऊस आत येऊ नये म्हणून सगळा ढीग प्लास्टिकखाली झाकतात आणि कडा दगडांनी दाबतात. पाणी अडतं, पण वाराही अडतो. लाकडातली आणि जमिनीतली वाफ वर जाऊन प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होते, पुन्हा लाकडावर पडते. ऑगस्टमध्ये ताडपत्री उचलली की पांढरी बुरशी आणि आळंबी दिसतात. झाकण फक्त वर हवं, बाजू मोकळ्या. मांगर (घरापासून वेगळी साधी शेड) किंवा मागची पडवी असेल तर उत्तम.

पडवीतही एक जागा टाळा, ती म्हणजे वळचण. तिथे पागोळ्यांचं पाणी उडतं आणि झड आली की पुढचा थर भिजतो. झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप लावले की पाऊस अडतो, वारा मात्र खेळता राहतो. ही जुनी युक्ती कुठल्याही प्लास्टिकपेक्षा चांगली आहे.

कोरड्या जागेतलं लाकूडही श्रावणात सादळतं, कारण हवेतच ओल असते. म्हणून दोन-तीन दिवसांचं जळण चुलीजवळ आणून ठेवा. जवळ म्हणजे ठिणगी पोचणार नाही इतकं लांब.

थेट जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचणं

इथून वाळवी येते. खाली जांभ्याचे चिरे टाका, त्यावर बांबू आडवे घाला, मग लाकडं रचा. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, म्हणजे हवा फिरेल आणि वाळवीने मातीची वाट काढली तर ती दिसेल. कीटकनाशक किंवा गाडीचं जुनं ऑइल लाकडावर कधीही ओतू नका. तोच धूर भाकरीला आणि फुफ्फुसाला लागतो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, वेगळी ठेवा, ती पाणी धरतात आणि शेजारच्या लाकडांनाही ओल देतात.

न बघता ढिगात हात घालणं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे जिवावर बेतू शकतं. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, मातीच्या रंगाचं असतं आणि लाकडाखाली निमूट बसतं. लाल विंचूही तिथेच सापडतो. ढीग झोपण्याच्या खोलीला लागून नको. आधी काठीने ठोका, नेहमी वरचं लाकूड उचला, अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय जाऊ नका. लहान मुलांना जळण आणायला पाठवू नका. साप चावला तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यात वेळ न घालवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. लाल विंचवावरही आज उपचार आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून कोकणात असंख्य जीव वाचले आहेत. उशीर तेवढा करू नका.

मिळेल ते चुलीत सारणं

कण्हेरीच्या फांद्या नकोत, तिचा धूरही विषारी असतो. बिब्ब्याच्या लाकडाला हात लावू नका, चिकाने फोड येतात. रंगवलेली चौकट, जुनं प्लायवूड न्हाणीच्या चुलीतसुद्धा नको.

झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी ठरावीक जाती तोडायला 1964 च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती कुऱ्हाड लावायच्या आधी घ्या.

नवं जळण रचताना गेल्या वर्षीचं उरलेलं पुढे ओढा, नवं मागे घाला. नाहीतर तळाचे फाटे वर्षानुवर्षं तिथेच राहतात आणि घुण त्यांचा भुसा करतो.