झाडाचं आळं आजच फोडा

पोळा झाला. उत्तरा आणि हस्त अजून बाकी आहेत, आणि आपल्याकडे परसातली झाडं दगावतात ती नेमकी याच दिवसांत. म्हणून आधी काम सांगतो, कारण मागाहून वाचा. कुदळ घ्या आणि लिंबू, पपई, शेवगा, कढीपत्ता, परसात जे असेल त्याच्या बुंध्याभोवतीचं आळं उताराच्या बाजूनं फोडा. चिखल असला तरी चालेल, एकच तोंड पाडायचंय. बाकीची माती वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिल्यावर हलवा.

(अळी नव्हे, आळं. मागं एका गावात ‘आळी फोडा’ म्हणालो, तर एक काकू फवारणीचा पंप पाठीला लावूनच आल्या.)

हे आळं उन्हाळ्यात आपणच केलेलं असतं. न्हाणीचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं त्यात ओतून झाड जगवलेलं असतं. मृगाच्या आधी ते मोडायचं असतं, पण मोडवत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस काढलेल्या माणसाला झाडाजवळचं पाणी वाहून जाताना बघवत नाही. ‘राहू द्या की दादा, पाणी हाय तर हाय,’ हे वाक्य मी किती अंगणांत ऐकलं असेल! आणि मग 2025 च्या सप्टेंबरसारखा पाऊस येतो. नदीकाठची वावरं खरडून गेली त्याला इलाज नव्हता. गावातल्या उंच जागेवरची लिंबं का गेली? आळ्यात पाणी तुंबलं म्हणून.

काळी माती भिजली की फुगते, भेगा बुजतात, मुळांना हवा मिळत नाही. पपई तर दोन दिवस बुडात पाणी राहिलं तरी मान टाकते. लिंबू हळूहळू मरतं: आधी पानं पिवळी, मग जमिनीलगत खोडातून डिंक. तिथली साल नखानं खरवडून बघा. आत तपकिरी दिसलं, कुबट वास आला, तर डिंक्या लागला.

फसगत इथंच होते. माती ओली असूनही पानं मलूल दिसतात, घरचे म्हणतात झाड सुकलं, आणि आणखी एक बादली ओततात. नाहीतर पान घेऊन दुकानात जातात. तिथं ह्युमिक, टॉनिक, ‘मुळ्या फोडणारं’ काहीतरी आणि वर एक बुरशीनाशक असा संच हातात पडतो. माझ्या स्वतःच्या सहा वर्षांच्या लिंबाला मी असा आठशे रुपयांचा संच घातलाय. आळं मात्र तसंच होतं. झाड गेलं, बाटली अजून कोनाड्यात आहे.

खर्च करायचाच तर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि कळीचा चुना आणा. बोर्डो मिश्रण हे बुरशीवरचं घरी करता येणारं औषध; एक टक्का मिश्रणाला 10 लिटर पाण्यात दोन्ही 100-100 ग्रॅम. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत वेगवेगळं विरघळवा, चुन्याचं पाणी थंड होऊ द्या, गाळून एकत्र करा. विळ्याचं पातं त्यात जरा वेळ बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडं चुन्याचं पाणी वाढवा. त्याच दिवशी वापरा, उद्यावर ठेवू नका. डिंक दिसत असेल तर कुजकी साल धारदार चाकूनं खरवडून 1 लिटर पाण्यात 100-100 ग्रॅमची पेस्ट खोडाला लावा. जालन्याकडचे मोसंबीवाले हेच करतात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी द्यायची असेल तर तांब्याच्या औषधानंतर पंधरा दिवस थांबा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) मिळालं तर उत्तम. पण आळं फोडल्याशिवाय यातलं काहीही घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एक माझा आडाखा, कुठल्या पुस्तिकेत मिळणार नाही: आळ्यात हिरवं शेवाळ धरलं असेल तर आतली पांढरी मुळं गेली असं समजा. अशा झाडाला महिनाभर युरिया दाखवू नका.

पत्र्यावरची धार थेट झाडाच्या बुडात पडते का, तेही आजच बघा. पन्हळ लावा किंवा फूटभर रुंद, वीतभर खोल चर काढून पाणी बाहेर घाला. शेजाऱ्याच्या भिंतीकडं मात्र नको, ती भांडणं पावसापेक्षा जास्त दिवस टिकतात.

बाकीची कामं तुम्हाला ठाऊकच आहेत:

- आत्ता: वांगी-मिरचीला मातीची भर, भेंडीची पिवळी पडलेली झाडं उपटून लांब टाकणं, माव्याला पाच टक्के निंबोळी अर्क (अर्धा किलो निंबोळ्या, 10 लिटर पाणी).
- दसरा ते दिवाळी: मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, लसूण, मुळा.
- फेब्रुवारीत: गवार, भेंडी, काकडी, रोपांना पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) सावली.

दिवाळीनंतर जमिनीला भेगा पडायला लागल्या की आळं पुन्हा करा, पण दुहेरी. बुंध्याभोवती वीतभर रुंद मातीचा उंचवटा, कलमाचा सांधा उघडा ठेवून. त्याच्या बाहेर बांगडीसारखं गोल आळं, साधारण फांद्यांच्या सावलीच्या कडेला. पाणी खोडाला शिवत नाही, आणि पाणी पिणारी बारीक मुळंही तिथंच असतात. त्यावर सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, चार बोटं जाड पसरा. आणि बाहेरच्या कड्यात उताराच्या बाजूला एक वीट उभी खोचून ठेवा. मृगाच्या आदल्या दिवशी ती वीट उपसली की झालं, कुदळ शोधायला नको.